सुरूच्या बनातली पंगत

मॉरिशसमध्ये दालपुरी एकटी येत नाही, जोडीनं येते. गाडीसमोर उभं राहून 'एन पेर' म्हणायचं, म्हणजे 'एक जोडी'. पलीकडचे हात रुमालासारख्या पातळ, पिवळसर दोन पोळ्या एकीवर एक पसरतात. त्यांवर डबल बीसारख्या टपोऱ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची 'रुगाय', चमचाभर लोणचं आणि कोथिंबिरीची चटणी पडते. मग गुंडाळी, कागद, पैसे. सगळं आटपायला वडापाव बांधून घ्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. तोवर मागचा माणूस 'दे पेर' म्हणून मोकळा झालेला असतो.

रोझ हिल गावातलं 'देवा' हे दालपुरीचं नाव बेटभर ठाऊक आहे. पण अशी गाडी, असा ठेला किंवा मोटारसायकलच्या मागे बसवलेली अशी काचेची पेटी जवळजवळ प्रत्येक गावात भेटते. दुपारच्या रांगेत टाय लावलेले कारकून असतात, गणवेशातली पोरं असतात, बाजाराची पिशवी सांभाळणाऱ्या बायका असतात. बसायला खुर्ची नाही, मेन्यूकार्ड नाही, लहान मुलांची उंच खुर्ची तर नाहीच. तरीही सहकुटुंब खायला या बेटावर इतकी सोयीची जागा दुसरी नाही.

पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांमधलं मॉरिशस वेगळं असतं. मुंबईहून सहा तासांच्या आसपासचं थेट विमान, उतरल्यावर दीड तास मागे करायचं घड्याळ, मग निळं पाणी, पांढरी वाळू आणि हॉटेलचा बुफे. नाश्ता आणि जेवण खोलीच्या भाड्यात धरलेलं असलं की कुटुंब सकाळ-संध्याकाळ एकाच दालनात जेवतं. मुलांसाठी कोपऱ्यात बुटकं टेबल, त्यावर पास्ता, पिझ्झा, तळलेले बटाटे. दमलेल्या आईबापांना ही सोय हवी असते, त्यात गैर काही नाही. पण सात दिवस असे काढून परतलेल्या मुलाला 'तिकडे काय खाल्लंस?' असं विचारलं, तर ते बोरिवलीच्या मॉलमध्ये मिळणाऱ्या चार पदार्थांची नावं सांगेल.

एक सहा जणांचं कुटुंब धरू. आजी शाकाहारी आणि संकष्टी न चुकवणाऱ्या. आजोबांच्या ताटात मासा हवा. आई-बाबांना नवं काहीतरी चाखायचंय. दहा वर्षांच्या मुलाला नूडल्सपलीकडे जग नाही आणि चार वर्षांच्या मुलीला मिरपूडसुद्धा झोंबते. सहकुटुंब जेवायच्या जागेची खरी परीक्षा ही सहा तोंडं घेतात. सगळ्यांनी एका जागी, एका वेळी, रुसवेफुगवे न होता जेवायला हवं.

मॉरिशसला ही परीक्षा नवी नाही. वेगळ्या देवांची आणि वेगळ्या पथ्यांची माणसं एकाच वस्तीत राहू लागली, तेव्हा एकमेकांच्या दारात काय खाता येईल हा प्रश्न या बेटानं रोजच्या रोज सोडवला. रस्त्यावरचं खाणं हे त्याचं उत्तर आहे.

कंत्राटातली डाळ

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचं जहाज ३६ हिंदी मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदराला लागलं. गुलामगिरी संपत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. त्यानंतर १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं करारावर या बेटावर उतरली. ती जिथे उतरत, ती जागा 'आप्रवासी घाट' म्हणून २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. यातली बरीच माणसं बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, भोजपुरी बोलणारी. मद्रासेकडून तमिळ आणि तेलुगू आले, मुंबई बंदरातून मराठी माणसं आली.

मजुराला पगाराबरोबर शिधा मिळे. त्यात तांदूळ, मीठ आणि डाळ असे. वसाहतीच्या इंग्रजी कागदपत्रांत डाळीचं जे वाकडंतिकडं स्पेलिंग होतं, तेच आजही दालपुरीच्या पाट्यांवर दिसतं. बिहारकडे दालपुरी सणासुदीची, खिरीबरोबर खायची. मॉरिशसमधल्या हिंदू घरांत पूजेला आणि लग्नकार्याला ती अजून तशीच होते. मराठी डोळ्यांना तिची ओळख पटायला वेळ लागत नाही. डाळ शिजवायची, वाटायची, कणकेत भरायची आणि हलक्या हातानं लाटायची. ही पुरणपोळीचीच रीत. गुळाच्या जागी जिरं आणि हळद आली, एवढाच फरक. सारण इतकं कोरडं आणि बारीक असतं की पोळी कागदासारखी लाटली जाते आणि तासाभरानंतरही मऊ राहते.

रस्त्यावर आल्यावर मात्र तिनं खिरीची संगत सोडली. टोमॅटो, कांदा आणि थाइमची 'रुगाय' क्रिओल स्वयंपाकघरातून आली. लोणच्याला तिथे 'आशार' म्हणतात. चटणीची 'सातिनी' झाली. एका गुंडाळीत बिहार, आफ्रिका आणि फ्रान्स एकत्र आले, आणि मांस-मासा नसल्यामुळे ती कुणालाच वर्ज्य राहिली नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, सगळे एकाच रांगेत उभे राहू शकतात.

इथल्या बोलीत, म्हणजे क्रिओल भाषेत, शिरलेले भारतीय शब्द नुसते मोजले तरी मौज वाटते. तवा तवाच राहिला. कढई 'काराय' झाली, डेगचीची 'डेकसी' झाली, पराठ्याचा 'फाराता' झाला. कोथिंबिरीला तमिळवरून आलेला 'कोतोमिली' हा शब्द आहे. आजींनी हातानं तव्याचा आकार दाखवला, तर पलीकडच्या बाईला दुभाष्याची गरज पडत नाही.

आईबापांनी मात्र विमानातच दोन शब्द पाठ करून ठेवावेत. 'सां पिमां' म्हणजे मिरचीशिवाय. 'पिमां' हा वाटलेल्या मिरचीचा गोळा दालपुरीपासून नूडल्सपर्यंत कशावरही पडू शकतो आणि त्याचा झटका कोल्हापूरकरालाही ठसका आणतो. पण तो वरून घालायचा असतो, मूळ पदार्थ बहुधा सौम्यच असतो. त्यामुळे चार वर्षांच्या मुलीसाठी वेगळं काही रांधावं लागत नाही, शेवटचा चमचा तेवढा टाळायचा.

बाजारातला नाश्ता

पोर्ट लुईचा मध्यवर्ती बाजार आप्रवासी घाटापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. खाली भाज्या आणि फळांचे ढीग. पाहुण्यांना इथे पहिला धक्का बसतो तो ओळखीचाच. दोडका, पडवळ, कारलं, भेंडी, शेवग्याचा पाला असं सगळं मांडलेलं असतं. खाण्याच्या बाजूला 'गातो पिमां' तळले जात असतात. शब्दशः अर्थ 'मिरचीचा केक', प्रत्यक्षात भरड वाटलेल्या डाळीचे लहान, कुरकुरीत वडे. सकाळी ते लोणी लावलेल्या पावात घालून खातात. मुंबईकर बाबांना आपल्या वडापावाचा इतका सख्खा चुलतभाऊ जवळजवळ तीन हजार मैलांवर भेटेल असं वाटलेलं नसतं.

शेजारी 'आलूदा'. थंड दूध, त्यात भिजवलेला सब्जा, अगर-अगरच्या जेलीचा कीस आणि रंगीत सरबत. फालुद्याशी नातं नावातच आहे. 'पिले' या नावाचा आलूदा या बाजारात इतका प्रसिद्ध आहे की लोक वाट वाकडी करून तिथे येतात. उन्हातून आलेल्या मुलांना हा पेला पाचएक मिनिटं गप्प बसवतो, आणि तेवढ्या वेळात मोठ्यांना पुढचा बेत ठरवता येतो.

पुढचा बेत म्हणजे चिनी मोहल्ला. बाजारातून थोडं चाललं की जुमा मशिदीच्या परिसरातच तो सुरू होतो. चिनी माणसं इथे एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी आली. गावोगावी त्यांची दुकानं निघाली, मळ्यातल्या मजुरांना महिन्याच्या उधारीवर तांदूळ-तेल देऊ लागली, आणि त्या उधारीच्या वहीबरोबर त्यांचं खाणंही घरोघर पोचलं. आज मॉरिशसचा 'मीन फ्री', म्हणजे परतलेल्या नूडल्स, दालपुरीइतकाच राष्ट्रीय आहे. दहा वर्षांच्या मुलाचा प्रश्न इथे सुटतो.

पण मुलांसाठी खरी गंमत 'बोल राँव्हेर्से'ची, म्हणजे उलट्या वाडग्याची. खोल वाडग्याच्या तळाशी तळलेलं अंडं ठेवतात. त्यावर रस्सेदार परतलेली कोंबडी आणि भाज्या, वर भात दाबून भरतात. वाडग्यावर ताटली झाकून सगळं एका झटक्यात उपडं करतात. वाडगा उचलला की भाताचा घुमट, त्यावरून ओघळणारा रस्सा आणि डोक्यावर अंड्याची टोपी. वाळूत बादली उपडी करून किल्ला काढणाऱ्या वयाला याहून चांगलं जेवण सुचवता येणार नाही. भाज्यांचा आणि टोफूचा वाडगाही बऱ्याच ठिकाणी करून देतात.

'बुलेत' हा दुसरा बालप्रिय प्रकार. वाफेच्या भांड्यांतून हवे ते गोळे नगावर निवडायचे आणि ते गरम, पातळ सुपात घालून मिळतात. माशाचे, कोंबडीचे, तसेच 'शूशू' या भोपळ्याच्या कुळातल्या फळभाजीचे. आजींना इथे सावध करायला हवं. शूशूच्या गोळ्यात बऱ्याचदा सुकट किंवा मांस असतं, त्यामुळे नावावर न जाता विचारून घ्यावं.

एक गोष्ट मराठी कुटुंबाच्या लवकरच लक्षात येते. बऱ्याच सार्वजनिक जेवणांत गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही नसतं. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांना एका मांडवात जेवू घालायचं तर ही दोन्ही बाजूला ठेवणं सोयीचं. मग उरतात कोंबडी, बोकड, मासे आणि हरीण. हरणाचं मांस ऐकून दचकायला होतं, पण इथे ते रीतसर पाळलेल्या कळपांचं असतं. डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणलेली हरणं बेटावर वाढली आणि त्यांची रस्साभाजी सर्वधर्मीय झाली. मुसलमानी लग्नांतली, झाकण लावून देगेत शिजवलेली बटाटे घातलेली बिर्याणीही अशीच सगळ्यांची.

पोर्ट लुईत खायचं तर सकाळ आणि दुपार गाठावी. ही कचेऱ्यांची राजधानी आहे. संध्याकाळी पाचनंतर बसगाड्या भरभरून निघतात आणि रस्ते ओस पडतात. रात्रीच्या जेवणासाठी उत्तरेकडचं ग्राँ बे किंवा पश्चिमेचं फ्लिक-आँ-फ्लाक बरं.

रविवार, डेकसी आणि सुरू

मॉरिशसचं सर्वात मोठं कौटुंबिक भोजनगृह रविवारी उघडतं. त्याला भिंती नाहीत.

फ्लिक-आँ-फ्लाक, माँ श्वाझी, बेल मार, ब्ल्यू बे अशा सार्वजनिक किनाऱ्यांवर सकाळी नऊपासून गाड्या लागायला लागतात. काही मंडळी अख्खी बस ठरवून येतात, आजोळ-पणजोळासकट. किनाऱ्यालगत 'फिलाओ'ची झाडं असतात. कोकणात फिरलेल्या कुणालाही ती ओळखू येतात. हे आपलं सुरूचं बन. त्या झिरझिरीत सावलीत चटया पसरल्या जातात, आणि गाडीच्या डिकीतून फडक्यात बांधलेली डेकसी उतरते. आत बिर्याणी असते, किंवा भात आणि रस्सा, किंवा पहाटे उठून केलेले फाराते. दुपार कलली की 'रावान' हा डफासारखा वाद्यप्रकार कुणीतरी काढतं, चामडं शेकोटीवर तापवतं आणि सेगा हा गाण्या-नाचाचा प्रकार सुरू होतो. गुलामांच्या वस्त्यांतून आलेल्या या पारंपरिक सेग्याची नोंद २०१४ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. इथे तो बार्बेक्यूच्या धुरात, ओल्या टॉवेलांमध्ये वाजत असतो.

या जागा लहान मुलांसाठी इतक्या सोयीच्या का, याचं कारण समुद्रात आहे. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची कड आहे. मोठ्या लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी बऱ्याच ठिकाणी उथळ, शांत राहतं. कड तुटते तिथे ओढ असते, म्हणून पाट्या वाचायलाच हव्यात. पण एकूणात पोरं पाण्यात, नजरेसमोर, आणि जेवण हातात असा मेळ इथे जमतो.

पाहुण्या कुटुंबाकडे डेकसी नसते. त्याची अडचण किनाऱ्याच्या कडेला उभ्या असलेल्या खाद्यगाड्या भागवतात. एका गाडीवर नूडल्स, दुसरीवर बुलेत, तिसरीवर फाराता. वाटेतल्या गावातून सकाळीच पाच-सहा जोड्या दालपुरी बांधून घेतल्या की पंगत पूर्ण होते. अननसवाला येतो. त्याच्याकडची फळं लहान आणि फार गोड, डोळे तिरक्या चरांनी कापून काढलेली, देठाला धरून खायची. त्यावर चिंचेचं पाणी आणि तिखटमीठ हवं का, हे तो विचारतो. इथेही 'सां पिमां' कामाला येतं.

संकष्टी याच रविवारी आली तरी बिघडत नाही. किनाऱ्यावर 'पिस्तास'ची पुडी मिळते. नाव ऐकून आजी पिस्त्यांचा भाव मनात धरतात आणि पुडी उघडल्यावर आत उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा निघतात. क्रिओलमध्ये शेंगदाण्याला पिस्तास म्हणतात. उपवासाला दोन्ही चालतं.

हा रविवार फुकट मिळालेला नाही. फ्रेंच अमदानीत, १८०७ च्या एका आदेशानुसार, किनाऱ्यालगतचा ८१ मीटरांहून थोडा अधिक रुंद पट्टा सरकारी म्हणून राखून ठेवला गेला. त्याला 'पा झेओमेत्रिक' म्हणतात. भरतीरेषेपर्यंतची वाळू तर सगळ्यांचीच आहे, हॉटेलच्या पुढ्यातलीसुद्धा. पण त्यामागची जमीन सरकार भाडेपट्ट्यानं देतं, आणि तिथेच कुरबुर आहे. हॉटेलं आणि बंगले वाढत गेले तसं सुरूचं बन, गाडी लावायची जागा, चटई पसरायची सावली आकसत गेली. 'आरेत कोकें नू लाप्लाज', म्हणजे 'आमचा किनारा चोरणं थांबवा', अशा थेट नावाची एक नागरिक चळवळच उभी राहिली. तिची मागणी एका अर्थी रविवारच्या डेकसीसाठी आहे. किनारा कायद्यानं सर्वांचा राहील, पण आजीला बसायला झाडाखाली जागा उरली नाही तर कुटुंब येणार कसं?

बदल दुसरीकडेही दिसतो. २०१६ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. २०२१ पासून एकदाच वापरायचे बरेच प्लास्टिकचे डबे, ताटल्या, स्ट्रॉही गेले. दालपुरीला त्याचं सुखदुःख नाही. ती आधीपासून कागदातच होती.

आजोबांचा मासा

आजोबा तीन दिवस धीर धरतात. चौथ्या दिवशी ते मासा मागतात, आणि बेट त्यांना 'विंदाय' देतं.

तुकडे तळायचे, मग मोहरी, हळद, लसूण, मिरची आणि व्हिनेगरच्या मसाल्यात मुरवायचे. गोव्याच्या विंदालूचं आणि याचं मूळ एकच. पोर्तुगीजांचा वाइन-लसणात मांस मुरवायचा प्रकार हिंदी महासागराच्या दोन टोकांना दोन तऱ्हांनी रुजला. गोव्यात त्यात डुकराचं मांस राहिलं, इथे मासा आणि ऑक्टोपस आले. व्हिनेगरमुळे विंदाय टिकतो, गार खाल्ला तरी चांगला लागतो आणि पावात घालून डब्यात नेता येतो. सहलीला नेण्याचं कालवणच म्हणा ना.

ऑक्टोपसला इथे 'उरीत' म्हणतात. कच्च्या पपईबरोबर शिजवलेली त्याची रस्साभाजी मायबुरसारख्या मासेमारांच्या गावात खावी. दरवर्षी साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरीत पकडायला बंदी असते. पावसाळ्यातली मासेमारी बंदी माहीत असलेल्या आजोबांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. त्या काळात पानावर उरीत आलाच तर तो ताजा नाही, गोठवलेला आहे, हे ते लगेच ताडतात.

मायबुरला सोमवारी जावं, मोठा आठवडी बाजार असतो. याच गावात 'रो' कुटुंबाचा १८७० पासूनचा बिस्किटांचा छोटा कारखाना आहे. ही बिस्किटं गव्हाची नसतात, 'मान्योक'ची असतात. आपला साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोच हा. कंद धुणं, किसणं, पीठ वाळवणं, तव्यांवर चौकोनी बिस्किटं भाजणं असं सगळं कारखान्यात फिरून बघता येतं आणि शेवटी चहाबरोबर चाखता येतं. शाळेच्या पुस्तकात असा धडा असता तर मुलांनी तो स्वतःहून वाचला असता.

उत्तरेला बो प्लाँ इथे जुन्या साखर कारखान्याचं संग्रहालय झालंय. चिमण्या, चरक आणि इतिहास पाहून झाल्यावर वेगवेगळ्या रंगांच्या, वासांच्या साखरा चमच्यानं चाखायला देतात. तिथलं जेवणघर आवारातच आहे. मोकामधलं 'युरेका' हे १८३० चं लाकडी घर, तिथे व्हरांड्यात बसून क्रिओल थाळीसारखं जेवण मिळतं. नैऋत्येच्या शामारेल डोंगरावर सात रंगांची माती बघायला जाणारे वाटेतल्या खानावळींत हरणाचं मांस, पामचा कोवळा गाभा आणि खालच्या खाडीचं दृश्य एकाच बिलात घेतात. या जागा स्वस्त नाहीत. पण पुढ्यात मोकळं आवार असतं, आणि जेवण यायला उशीर झाला तर मुलं टेबलाखाली शिरण्याऐवजी झाडाखाली पळतात.

केळीचं पान

मराठी माणसं या बेटावर संख्येनं थोडी, पण वाक्वा आणि आसपासच्या गावांत त्यांची वस्ती जुनी आहे. वाक्वाजवळच्या हेन्रिएटा गावात १८९६ मध्ये गणपती बसला, ती इथल्या गणेशोत्सवाची सुरुवात मानतात. आज गणेश चतुर्थीची मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते. मिरवणुका नदीकडे आणि समुद्राकडे निघतात, मोदक होतात, आणि 'झाकरी'ची गाणी रंगतात. कोकणातली जाखडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या शब्दाचं मूळ सांगावं लागत नाही. घरात बोलणं क्रिओलमध्ये चालतं, आरती मराठीत होते.

लग्नाचं जेवण मात्र ओळखीचं वाटतं. हिंदू लग्नांत केळीच्या पानावर 'सात कारी' वाढतात. लाल भोपळा, कच्चं केळं, फणस, बटाटा, डबल बी, पालेभाजी, लोणचं अशा सात-एक गोष्टी आणि बरोबर पुऱ्या किंवा भात. लांब बाकांवर समोरासमोर बसायचं, वाढपी बादल्या घेऊन फिरणार, हातानं खायचं. काही उपाहारगृहं हे सात-कारीचं पान एरवीही वाढतात. आजींना पहिल्या घासाला डावी-उजवी बाजू चुकल्याचं जाणवतं, मीठ कुठे हे त्या शोधतात, आणि मग पुढच्या पानाकडे बघून जुळवून घेतात.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, महाशिवरात्रीला, लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत गंगा तलावाकडे चालत निघतात. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला मांडव पडतात आणि यात्रेकरूंना सरबत, फळं, खाणं फुकट वाटलं जातं. वारीच्या वाटेवर असं खाल्लेल्या कुटुंबाला इथे परकं वाटत नाही.

रताळ्याची करंजी

दिवाळीचीही इथे राष्ट्रीय सुट्टी असते. २ नोव्हेंबरचा मजुरांच्या आगमनाचा दिवस कधी तिच्या अलीकडे येतो, कधी पलीकडे. दक्षिण गोलार्धात हे उन्हाळ्याचे सुरुवातीचे दिवस. गुलमोहर अजून महिन्याभरानं पेटणार असतो, लिच्या डिसेंबरात उतरणार असतात. संध्याकाळी त्रियोलेसारख्या गावांत घराघरांवर दिवे लागतात आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाचे लोकही ते बघायला गाड्या काढून येतात.

या दिवसाचं पक्वान्न कुठल्याच हॉटेलच्या बुफेत सहजी सापडत नाही. 'गातो पतात'. रताळी उकडून, कुस्करून, त्यात मैदा मळून पारी करतात. ओल्या नारळाचा चव, साखर आणि वेलची आत भरून अर्धचंद्रासारखी दुमडतात, कडा दाबतात आणि तळतात. दिवाळीत घराघरांतून ताटं बाहेर पडतात आणि शेजारच्या मुसलमान, चिनी, ख्रिस्ती घरी जातात. ज्यांच्या घरी ताट येत नाही त्या पाहुण्यांसाठी मिठाईच्या दुकानांत आणि बाजारात तो विकायला असतो.

आपलं सहा जणांचं कुटुंब त्रियोलेच्या रस्त्यावर उभं आहे असं धरू. कागदी पिशवी हातोहात फिरते. चार वर्षांची मुलगी दोन खाते, मुलगा न विचारता तिसरा उचलतो. आजोबा म्हणतात, करंजीच की. आजी रताळं ओळखतात, क्षणभर खूश होतात, मग मैद्याची चव लागते आणि हा उपवासाला चालायचा नाही असं जाहीर करतात. तरी दुसरा घेतातच. दिव्याच्या उजेडात त्या त्याची कड निरखून बघतात. कडेवर बारीक, समांतर रेघा असतात.

"काट्यानं दाबलंय," त्या सुनेला म्हणतात, "यांच्याकडे कातणं नाही वाटतं."